जॅझ आणि कॉमेडी एकाच तळघरात कसं चालायचं, आणि मग कॉमेडी का गेली?

प्रश्न लांबलचक होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे न्यू यॉर्कला फिरायला गेले होते, व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या तळघरातल्या क्लबात एक रात्र जॅझ ऐकला, भारावून गेले, परत आल्यावर वाचताना कळलं की याच तळघरात एकेकाळी कॉमेडी व्हायची, कविता व्हायच्या, लोकगीतं व्हायची. आता ते आणि त्यांचे दोन मित्र पुण्यात 70-80 खुर्च्यांची जागा भाड्याने घ्यायच्या विचारात आहेत, काही दिवस जॅझ आणि काही दिवस स्टँडअप, जमलं तर एकाच रात्री दोन्ही. तर विचारतायत की त्या काळी हे एकत्र कसं चालायचं, आणि चालत होतं तर कॉमेडी तिथून गेली का? आणि मुंबईत असं का नाही टिकलं?

मी लाइव्ह साउंडवाला माणूस, इतिहासकार नाही. 22 वर्षं झाली, आधी मुंबईत आणि नंतर इकडे न्यू जर्सीत, आणि बहुतेक सगळं काम शंभर-दीडशे खुर्च्यांच्या खोल्यांमधलं, स्टेडियमवाला मी कधीच नव्हतो. त्यामुळे माझं उत्तर जरा खोलीच्या बाजूने येईल. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न जॅझ आणि कॉमेडी जमतं का हा नाहीच, ते जमतं, शंभर वेळा जमलंय. खरा प्रश्न असा आहे की सव्वाशे माणसांच्या खोलीत रोज रात्री कोणाला उभं करणं परवडतं. व्हॅनगार्डचा सगळा इतिहास मला तरी या एका प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा इतिहास वाटतो. पुण्यातलं भाडं, लायसन्स, शेजारी, हे सगळं वेगळं, ते तुमचं तुम्हालाच बघावं लागेल, त्यावर मी इथे बसून बोललो तर ती फेकाफेक होईल.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा, की संगीत आणि विनोद एकत्र म्हणजे काहीतरी अमेरिकन कल्पना. आपल्या तमाशात गण, गवळण, मग बतावणी, मग वग. ढोलकी आणि लावणीने फड तापवायचा आणि मधे सोंगाड्याने हसवायचं, तोपर्यंत बाकीच्यांना श्वास घ्यायला वेळ. 40-50 च्या दशकातल्या न्यू यॉर्कच्या छोट्या क्लबांची रात्र याच घाटाची होती, एक गाणारी किंवा गाणारा, एक विनोदी माणूस, एक ट्रिओ म्हणजे तीन वादकांचा संच, आणि हे सगळं एका रात्रीत दोन-तीनदा. आज आपण जॅझ क्लब आणि कॉमेडी क्लब अशी दोन वेगळी दुकानं बघतो, ती विभागणी नंतरची.

आता मॅक्स गॉर्डन, व्हॅनगार्ड काढणारा. हा माणूस लिथुआनियाकडच्या ज्यू कुटुंबातला, वाढला अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला पोर्टलंडमध्ये, 1926 ला कोलंबिया विद्यापीठात वकिली शिकायला न्यू यॉर्कला आला आणि दीड महिन्यात सोडून दिली. संगीतातलं त्याला काही फार कळत होतं असं नाही, त्याला गप्पा मारणाऱ्या लोकांची सोबत आवडायची. 1934 ला त्याने न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात पहिलं व्हॅनगार्ड काढलं, चार्ल्स स्ट्रीटवर. तिथे पोलिसांनी कॅबरे लायसन्स, म्हणजे करमणुकीचे कार्यक्रम ठेवायचा परवाना, नाकारलं, कारण काय, तर दोन संडास पाहिजेत, बाहेर पडायला दोन वाटा पाहिजेत, आणि चर्च, सिनेगॉग, शाळा यांच्यापासून 200 फूट लांब पाहिजे. ओळखीचं वाटतंय ना? जागा बघायला जाताना लोक स्टेज कुठे येईल ते बघतात, आधी संडास मोजा.

म्हणून 1935 च्या फेब्रुवारीत तो सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू साउथला 178 नंबरच्या तळघरात गेला. अमेरिकेतली दारूबंदी 1933 च्या डिसेंबरमध्ये उठली होती, त्यामुळे चोरून दारू विकणाऱ्या अड्ड्यांचा धंदाच संपला होता आणि त्यांची तळघरं रिकामी पडली होती. हे तळघर पण असाच एक अड्डा, नाव गोल्डन ट्रँगल, आणि खोली खरंच त्रिकोणी, पाचरीसारखी. पंधरा पायऱ्या उतरून जायचं, स्टेज त्या पाचरीच्या निमुळत्या टोकाला. क्लब आजही तिथेच आहे.

सुरुवातीला करमणूक म्हणजे कवी. मॅक्सवेल बोडेनहाइम वगैरे मंडळी, गिऱ्हाइकं नाणी फेकायची, कोणी आरडाओरडा करायचं, कवी उलट बोलायचे. कवींना मानधन नाही, फार तर कोणी दारू पाजेल. म्हणजे खर्च जवळपास शून्य. पण रोज तीच ती चार टाळकी येऊन किती दिवस गल्ला भरणार. 1939 च्या आसपास पाच पोरांचा एक ग्रुप आला, द रेव्ह्यूअर्स, त्यात ज्युडी हॉलिडे, बेटी कॉम्डेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन. ज्युडी म्हणे पावसातून आडोशाला म्हणून पायऱ्या उतरून आली आणि मॅक्सने विचारलं की काही कार्यक्रम करणारे मित्र आहेत का. दुसऱ्याची गाणी-स्किटं वापरायची तर रॉयल्टी द्यावी लागते, ते पैसे नव्हते, म्हणून या पोरांनी सगळं स्वतःच लिहायला घेतलं, चालू बातम्यांवर, हॉलिवुडवर, जाहिरातींवर. कधीकधी पियानोला त्यांचा एक मित्र बसायचा, लेनर्ड बर्नस्टाइन, पुढचा मोठा संगीतकार. पुढे ज्युडीला ऑस्कर मिळालं, आणि कॉम्डेन-ग्रीन जोडीने ब्रॉडवे आणि हॉलिवुडचे केवढे तरी म्युझिकल लिहिले. ही मंडळी तिथे घडली याचं कारण मॅक्सची पारखी नजर वगैरे असेलही, पण मला त्यात जास्त दिसते ती कडकी. पैसे नाहीत म्हणून नवीन लिहा, आणि गिऱ्हाईक तेच तेच म्हणून दर आठवड्याला नवीन लिहा.

मग लोकगीतांचा काळ. 1941 ला लेडबेली आणि जॉश व्हाइट, 1949 च्या ख्रिसमसच्या सुमारास पीट सीगरचा ग्रुप द वीव्हर्स. यांचा एक किस्सा सांगतात तो क्लब काढणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा. चौघांना मिळून आठवड्याला 200 डॉलर आणि हॅमबर्गर फुकट असं ठरलं. काही दिवसांनी मॅक्स किचनमध्ये आला, बघतो तर पीटने स्वतःसाठी केवढा मोठा हॅमबर्गर बांधलाय, त्याने तिथल्या तिथे सौदा बदलला, 250 घ्या पण हॅमबर्गर बंद. मी हसतो या किस्स्यावर दर वेळी, कारण माझ्या ओळखीच्या प्रत्येक चांगल्या क्लबमालकाला हे गणित तोंडपाठ असतं, कलाकारापेक्षा किचन जास्त खातं. सहा महिने चालले ते तिथे आणि त्यानंतर लवकरच देशभर नाव झालं.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग, एकत्र कसं चालायचं. लोक सांगतात की दोन्हींत इम्प्रोव्हायझेशन आहे म्हणून. हे खोटं नाही, लेनी ब्रूस हा कॉमेडियन तर वादकांमध्येच वावरलेला, त्याची भाषा त्यांची, लय त्यांची, मागे उभा असलेला बँड हसला की तो खूश. लॉर्ड बकली तसाच. पण हे कारण जरा जास्तच सुंदर आहे असं मला वाटतं. आयर्विन कोरी नावाचा एक अवली होता, व्हॅनगार्डचा घरचाच म्हणा, मळका कोट, विस्कटलेले केस, जगातला सर्वश्रेष्ठ तज्ज्ञ म्हणून यायचा, बराच वेळ नुसता बघत राहायचा आणि पहिला शब्द उच्चारायचा 'तथापि', त्याचा जॅझशी काय संबंध? तरी तो त्याच स्टेजवर चालायचा. का, तर खोली.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने टाळी वाजवून बघितली, शेजारच्या बाईने वेड्यासारखं माझ्याकडे बघितलं. भिंती समोरासमोर समांतर नाहीत, त्यामुळे आवाज दोन भिंतींत चेंडूसारखा टणटण करत बसत नाही. छत ठेंगणं. माणसं दाटीवाटीने, माणसासारखा आवाज शोषणारा दुसरा पडदा नाही. स्टेज निमुळत्या टोकाला म्हणजे सगळी खोलीच एक भोंगा झाली, आवाज तोंडातून निघून रुंद होत जातो. अशा खोलीत बोललेला शब्द शेवटच्या टेबलापर्यंत न घुमता पोचतो, आणि हसू आलं की ते ठेंगण्या छताखालून सगळ्यांच्या अंगावर परत येतं, हसणाऱ्याला कळतं की बाकीचेही हसतायत. विनोदाला हेच लागतं. आणि ब्रश मारलेल्या सिंबलला, बोटाने ओढलेल्या डबल बासला पण नेमकं हेच लागतं. मोठा ब्रास बँड आणि नाचायचा फ्लोअर असलेल्या बॉलरूममध्ये कॉमेडियन मरतो. म्हणजे जॅझ आणि विनोद हे दोघं एकमेकांचे मित्र म्हणून नव्हे, दोघांना एकाच मापाची खोली लागते म्हणून एकत्र राहिले, एका चाळीतले शेजारी म्हणा हवं तर.

पण म्हणून कसंही एकत्र करून चालत नाही हो. काही वर्षांपूर्वी इकडे एका छोट्या जागी आम्ही मिक्स रात्र केली होती, आधी ट्रिओ, मग लगेच कॉमेडियन. ड्रमर तरुण, हात जड, पाऊण तास त्याने खोली हाणली, लोकांचे कान बधिर, मी पण माइकचा आवाज त्याच हिशोबाने वर ठेवलेला. त्यात वेटर लोकांनी कॉमेडियनच्या बरोबर सहाव्या मिनिटाला बिलं वाटायला घेतली. संपलं. माणूस बिल हातात आलं की हसत नाही, बेरीज करतो. ट्रिओ असता तर वाजवत राहिला असता, कोणाला कळलंही नसतं, कॉमेडियनचा मात्र मुडदा पडला, आणि चूक निम्मी माझी होती. तेव्हापासून माझा नियम, विनोद आधी, किंवा मधे पंधरा मिनिटं रिकामी, आणि बिलं वाद्यांच्या वेळी.

व्हॅनगार्डच्या जवळच शेरिडन स्क्वेअरला 1938 ला बार्नी जोसेफसनने कॅफे सोसायटी काढलं होतं, तेही याच घाटाचं. काळे-गोरे प्रेक्षक एकत्र बसायचे, जे त्या काळी न्यू यॉर्कमध्ये सुद्धा सहज नव्हतं, बिली हॉलिडे गायची, आणि झीरो मोस्टेल हा पुढे प्रचंड गाजलेला विनोदी नट पहिल्यांदा तिथेच उभा राहिला. ते दहाएक वर्षांत बंद पडलं, बार्नीचा भाऊ कम्युनिस्ट, तो संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला नाही म्हणाला, पेपरवाले मागे लागले आणि गिऱ्हाईक पळालं. म्हणजे क्लब नेहमी धंद्याच्याच कारणाने मरतो असंही नाही.

आता सगळ्यात कामाचा भाग. मॅक्सकडे एकच क्लब नव्हता, दोन होते. 1943 ला त्याने हर्बर्ट जेकोबीबरोबर भागीदारीत वरच्या श्रीमंत भागात, ईस्ट 55 व्या रस्त्यावर, ब्लू एंजेल काढला. जेकोबी पॅरिसच्या नाइटक्लबांत मुरलेला, तिथे भिंतींना राखाडी मखमली गादीकाम, टेबलांवर जेवण, नीटस कपड्यातले वेटर. कलाकार बरेचदा तेच, आधी व्हिलेजच्या तळघरात शिजायचे आणि मग वर ब्लू एंजेलला वाढले जायचे. कॅरल बर्नेट 1957 ला तिथेच गाजली, वुडी अ‍ॅलन 1960 ला पहिल्यांदा स्टँडअप करायला तिथेच उभा राहिला. म्हणजे बघा, मालक तोच, शहर तेच, कलाकार बरेचसे तेच. एक मखमलीचा, एक तळघर. तुम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम प्रयोग लावला असता तरी इतका स्वच्छ लागला नसता. ब्लू एंजेल 1964 ला बंद झाला.

का, ते निकोल्स आणि मे या विनोदी जोडीवरून कळतं. माइक निकोल्स आणि इलेन मे 1957 ला शिकागोकडून न्यू यॉर्कला आले, मॅक्सने त्यांना दोन्ही क्लबांत घेतलं. 1958 च्या जानेवारीत ते टीव्हीवर दिसले आणि एका रात्रीत देशाला माहीत झाले. 1960 ला त्यांचा शो ब्रॉडवेवर. तीन वर्षं! तीन वर्षांत सव्वाशे खुर्च्यांच्या खोलीतून एवढ्या मोठ्या थेटरात. त्यांना परत तळघरात बोलवायला मॅक्स काय देणार होता, त्याच्या खोलीत खुर्च्या तेवढ्याच. टीव्हीने विनोदाला दोन बाजूंनी ओढलं, कलाकाराचा भाव वाढवला आणि प्रेक्षकाला घरी फुकट बसवलं. विनोदाची अडचण अजून एक, तोच विनोद टीव्हीवर ऐकलेला असला की परत पैसे देऊन ऐकायला कोण येतं. गाणं उलट, रेकॉर्डवर पन्नास वेळा ऐकलं की माणूस मुद्दाम प्रत्यक्ष ऐकायला येतो. कॉमेडी तिथून अशी घसरत गेली आणि जॅझ तिथे राहिला, त्यात माझ्या मते हे मोठं कारण.

दुसरं कारण कोणी सांगत नाही कारण ते रुक्ष आहे, टॅक्स. दुसऱ्या महायुद्धात 1944 ला अमेरिकन सरकारने क्लबच्या बिलावर 30 टक्के कॅबरे टॅक्स बसवला, त्याच वर्षी तो 20 वर आणला, आणि मग तो 20 टक्के 1960 पर्यंत तसाच, पुढे 10, आणि 1965 च्या शेवटी गेला एकदाचा. आता गंमत ऐका, नुसतं वाद्यसंगीत असेल तर हा टॅक्स नाही. नाचायला फ्लोअर ठेवला, गायिका उभी केली किंवा विनोद सांगणारा माणूस उभा केला, की लागला. म्हणजे गिऱ्हाइकाचं 10 डॉलरचं बिल, कॉमेडियन स्टेजवर असेल तर 12. लोक मोठे विचार मांडतात की जॅझ नाचायच्या संगीतातून ऐकायच्या संगीतात का आला, नाचायचं स्विंग जाऊन बसून ऐकायचं बीबॉप का आलं, त्यात कलेची कारणं आहेतच, पण हा 20 टक्के पण त्यात आहे. टॅक्समुळेच व्हॅनगार्ड बदललं असं मी म्हणणार नाही, मॅक्सने टॅक्स असतानाही वर्षानुवर्षं गाणं आणि विनोद चालवलेच. पण तराजूत ते वजन रोज रात्री पडत होतं.

आणि त्यात पोलिसांचं कार्ड. 1940 पासून 1967 पर्यंत न्यू यॉर्कच्या क्लबात काम करायला पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागायचं, वेटरपासून वादकापर्यंत सगळ्यांना. अमली पदार्थांची केस झाली की कार्ड गेलं. बिली हॉलिडेचं 1947 ला गेलं, पियानोवाला थेलोनियस मंकचं 1951 ला आणि परत मिळालं थेट 1957 ला, म्हणजे ऐन उमेदीची सहा वर्षं तो स्वतःच्या गावात क्लबमध्ये वाजवू शकला नाही. लॉर्ड बकलीचं 1960 ला काढून घेतलं आणि काही आठवड्यांत तो वारला, त्यावरून शहरात मोठा गदारोळ झाला. जॅझवाले आणि विनोदवाले एकत्र भरडले गेले ते इथे.

मंकवरून आठवलं. 1948 ला लोरेन नावाची बाई मॅक्सकडे आली, तेव्हा ती ब्लू नोट रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायनची बायको. तिने गळ घालून मंकला व्हॅनगार्डला आठवडाभर लावला. कुत्रं फिरकलं नाही. मॅक्स चिडला, हा कसला पियानोवाला आणलास. नंतर लोरेन आणि मॅक्सचं लग्न झालं ते निराळं, पण बघा, पुढे ज्या क्लबला जॅझची पंढरी म्हणतात त्याने मंकला रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवायला लावलं होतं. तुमचा पहिला जॅझचा महिना रिकामा गेला तर हे आठवा, किंवा आठवू नका, कारण मॅक्सकडे तेव्हा बाकीच्या रात्री भरणारे विनोदी लोक होते आणि दुसरा क्लबही होता, तुमच्याकडे ते असेलच असं नाही.

तर इथपर्यंत हिशोब असा, कवी फुकट होते पण गल्ला नाही, विनोद भरभराटीला आला आणि त्याच भरभराटीने महाग झाला, टीव्हीने त्याला उचलला, टॅक्स वाद्यांच्या बाजूने झुकलेला. 1957 च्या सुमारास मॅक्सने जॅझ हाच मुख्य धंदा केला. कॉमेडी एका दिवसात गेली नाही, मॉर्ट साल, लेनी ब्रूस, कोरी हे कॉमेडियन पुढेही दिसत राहिले, पण पाटीवर आधी नाव वादकाचं.

आणि मग ज्याने क्लब वाचवला असं मी मानतो ते झालं, रेकॉर्डिंग. 3 नोव्हेंबर 1957 ला सनी रॉलिन्सने तिथे लाइव्ह रेकॉर्ड केलं, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम, पियानो नाहीच. इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर, आमच्या धंद्यातला देवमाणूस. ती ऐका आणि खोली ऐका, वादक मागे भिंतीला टेकलेत आणि तुम्ही तीन हातांवर बसलाय हे कळतं. 1961 च्या नोव्हेंबरमध्ये सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन, पुन्हा रूडीच. कोल्ट्रेन वाजवताना इतका हलायचा की म्हणतात त्यातल्या एका ट्यूनचं नाव माइक घेऊन त्याच्या मागे धावण्यावरूनच पडलं. हे मी शंभर टक्के मानतो, मी पण धावलोय सॅक्सवाल्यांच्या मागे.

पण सगळ्यांत वर पियानोवाला बिल इव्हान्सच्या ट्रिओचा 25 जून 1961 चा रविवार. दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन असे पाच सेट एका दिवसात. पहिल्याच ट्यूनमध्ये लाइट गेली आणि रेकॉर्डिंग मधेच तुटलं, तो तुटका टेक पण आता मिळतो ऐकायला, साउंडवाल्याच्या पोटात गोळा येतो ऐकून. मागे लोक बोलतायत, ग्लास वाजतायत, कोणीतरी हसतंय, आणि पुढे तीन माणसं इतकं नाजूक वाजवतायत की त्या ग्लासांच्या आवाजालाच अर्थ आलाय. विचार करा, त्या दुपारी त्या खोलीत बसलेल्या कितीतरी जणांसाठी हे गप्पांच्या मागचं संगीत होतं. अकरा दिवसांनी बासवाला स्कॉट लफारो गाडीच्या अपघातात गेला, वय 25. त्या एका दिवसाच्या टेपमधून आलेल्या रेकॉर्ड आजही विकल्या जातात, आणि प्रत्येकीवर क्लबचं नाव. मॅक्सला ही जाहिरात विकत घेता आली नसती. टोकियोतला, पॅरिसमधला, आपल्या पुण्यातला माणूस न्यू यॉर्कला उतरल्यावर त्या पंधरा पायऱ्या शोधत येतो तो त्यामुळे. विनोदाच्याही रेकॉर्ड तेव्हा धडाधड विकल्या जायच्या बरं का, पण त्या बातम्यांसारख्या लवकर शिळ्या झाल्या.

7 फेब्रुवारी 1966 ला थॅड जोन्स आणि मेल लुईसने सोमवारी रात्री तिथे बिग बँड लावला. 123 खुर्च्यांच्या खोलीत सोळा-सतरा वादक, वेडेपणाच. पण सोमवार म्हणजे मेलेली रात्र, आणि दिवसभर स्टुडिओत जाहिरातींसाठी वाजवून कंटाळलेले पट्टीचे वादक मनासारखं वाजवायला यायचे. तो सोमवार नाव बदलून आजही चालू आहे. मॅक्स 1989 च्या मे महिन्यात गेला, लोरेनने ती एक रात्र क्लब बंद ठेवला आणि दुसऱ्या दिवशी उघडला. ती 2018 पर्यंत होती, आता मुलगी डेबोरा बघते. जेवण कधीच बंद झालं, किचनमध्ये काही शिजत नाही, तिथे ऑफिस आहे आणि वादक तिथेच बसतात. हॅमबर्गरचा प्रश्न कायमचा सुटला.

बाकीचे याच जातीचे क्लब आठवायचे तर शिकागोचा मिस्टर केलीज, 1953 ला निघाला, गायिका सेरा व्हॉनने 1957 ला तिथे लाइव्ह रेकॉर्ड केली, कॉमेडियन तर रांगेने झाले, 1975 ला बंद. सॅन फ्रान्सिस्कोचा हंग्री आय, जिथे मॉर्ट साल पेपर हातात घेऊन उभा राहायचा, मागे विटांची उघडी भिंत. आज जगभर स्टँडअपच्या मागे विटांची भिंत असते ना, ती तिथून आली असं मानतात. क्लब गेला, भिंत राहिली. तुमच्या इंटिरिअरवाल्याने विटांची भिंत सुचवली तर प्लास्टरपेक्षा ती बरी, पण साउंडच्या दृष्टीने मागे जाड पडदाच चांगला, व्हॅनगार्डला तोच आहे.

आपल्याकडे काय झालं ते जाता जाता, कारण तुम्ही विचारलंय की मुंबईत असं का नाही टिकलं. ताजमध्ये, बाकी हॉटेलांत गोव्याचे वादक जबरदस्त जॅझ वाजवत होते, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. अमेरिकेत दारूबंदी उठली तेव्हा व्हॅनगार्ड जन्मलं, आणि मुंबईत 1949 ला दारूबंदीचा कायदा आला. बारचा गल्ला गेला की बँडचा पगार कोण देणार. तिकडे विनोदवाले टीव्हीने उचलले, इकडे जॅझवाले हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंनी, सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर तिथेच नावारूपाला आले. पूर्ण गोष्ट एवढीच नाही, पण पैशाची वाट ही अशी गेली.

आता तुमच्या जागेचं. दोन्ही करा, पण वेगवेगळ्या रात्री पहिले सहा महिने, म्हणजे कोणती रात्र कोण भरतंय ते वहीत दिसेल. एकाच रात्री करायचंच असेल तर विनोद आधी. मखमली करू नका, पैसे छताच्या आवाजावर आणि एका चांगल्या, नीट सुरात लावलेल्या पियानोवर घाला. प्रत्येक रात्र रेकॉर्ड करायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा, दोन माइक छताला टांगून आणि मिक्सर बोर्डातून दोन चॅनल, एवढं पुरतं, आणि कलाकाराची लेखी परवानगी आधी घ्या. जेवणाचा मेन्यू जितका लहान तितकं बरं. सध्या तुम्ही फक्त 70-80 खुर्च्या एवढंच लिहिलंय, त्यावर जास्त काही सांगता येत नाही. छताची उंची किती, खोली लांबट आहे की चौकोनी, वर आणि शेजारी कोण राहतं, आणि किचनला किती जागा सोडलीय, ते टाका, आणि रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवून फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, मग बोलू.